झिंकचा प्रोब क्युव्हेटमध्ये छान चालतो, मेंदूच्या स्लाइसमध्ये का नाही?

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तुमचा प्रोब (झिंक चिकटलं की उजळणारा रेणू) फ्लुरोसीनच्या जातीचा डाय आहे, त्याला झिंक धरणारं डायपिकोलिलअमाइन जोडलंय (पुढे नुसतं डीपीए म्हणते), केडी (जेवढ्या झिंकला निम्मा प्रोब भरतो तो आकडा, जितका कमी तितका प्रोब घट्ट) २० नॅनोमोलर, क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) झिंक टाकलं की उजेड ३५ पट वाढतो, हेला पेशींना झिंक-पायरिथिऑन दिलं तर त्याही पेटतात. पण उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या ३०० मायक्रॉन स्लाइसमध्ये टाकला की अख्खी स्लाइस हिरवी होते, मॉसी फायबर (तिथले झिंकवाले चेतातंतू) वेगळे उठून दिसत नाहीत आणि स्टिम्युलेट केल्यावर काहीच हलत नाही. गाईड म्हणतायत अजून घट्ट बांधणारा बनवा, आणि तुम्ही विचारताय की पुढचे चार-पाच महिने त्या नव्या सिंथेसिसमध्ये घालावेत का.

माझं उत्तर: आत्ता नको. घट्टपणा वाढवून स्लाइसमधला प्रॉब्लेम सुटेल असं मला वाटत नाही, उलट बिघडायची शक्यता जास्त आहे. झिंक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्रोबवर मी बारा-तेरा वर्षं काम केलंय आणि त्यातली पहिली तीन मी याच वाटेने घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय की प्रोब किती घट्ट हवा. त्याच्याही आधीचा प्रश्न असा की तुम्हाला कुठलं झिंक बघायचंय? कारण मेंदूच्या त्या एवढ्याशा तुकड्यात झिंक तीन ठिकाणी तीन वेगळ्या अवस्थांत बसलंय. पेशीतलं एकूण झिंक काढलं तर ते शंभर-दोनशे मायक्रोमोलरच्या घरात जातं, पण जवळजवळ सगळं प्रोटीननी धरून ठेवलेलं असतं, सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) मोकळं म्हणावं असं काही शे पिकोमोलरच उरतं. मॉसी फायबरच्या टोकांना ज्या सिनॅप्टिक व्हेसिकल (संदेशाची रसायनं साठवणाऱ्या बारीक पिशव्या) असतात त्यांच्या आत मात्र ते मिलिमोलरपर्यंत असल्याचं मानतात, म्हणूनच टिम यांच्या १९५८ च्या सल्फाइड-सिल्व्हर या रंगवण्याच्या पद्धतीत तो पट्टा काळाकुट्ट दिसतो. तिसरं म्हणजे पेशींच्या बाहेरचं, जे एरवी अगदी कमी असतं आणि व्हेसिकल फुटल्यावर क्षणभर वाढतं. ते किती वाढतं यावर अजून एकमत नाही, नॅनोमोलरपासून दहा-वीस मायक्रोमोलरपर्यंत सगळे आकडे लोकांनी मांडलेत, आणि काहींचं म्हणणं तर असं की झिंक मोकळं सुटतच नाही, पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं.

आता तुमचे २० नॅनोमोलर या तिन्हींसमोर ठेवून बघा. साधा एकास-एक बांधणीचा हिशोब आहे, केडीच्या एक दशांश झिंक असेल तर ९ टक्के प्रोब भरतो आणि दहापट असेल तर ९१ टक्के, जो काही फरक दिसणार तो या दोन टोकांच्या मधेच. सायटोसोलमध्ये ०.२ नॅनोमोलर धरलं तर तुमचा जेमतेम १ टक्का प्रोब भरेल, म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. व्हेसिकलच्या आत बरोबर उलट, तिथे प्रोब पोचलाच तर आत गेल्या गेल्या पूर्ण भरणार आणि मग झिंक अर्धं झालं काय किंवा तिप्पट झालं काय, उजेड तेवढाच. आणि बाहेर सुटणारं झिंक बघायचं तर प्रोब मुळात बाहेर राहायला हवा, तुमचा तर पेशीत शिरावा म्हणून एस्टर लावून बनवलाय! म्हणजे तिन्हीपैकी एकाही झिंकसाठी हा प्रोब आखलेला नाही, तो क्युव्हेटसाठी आखलाय. रागावू नका, बहुतेक पेपरमधले प्रोब असेच असतात.

घट्ट केल्यावर काय होतं तेही आकड्यातच बघू. प्रोबला झिंक चिकटण्याचा वेग समजा सेकंदाला प्रति मोलर १ कोटी आहे. सुटण्याचा वेग म्हणजे तो गुणिले केडी. तुमच्या २० नॅनोमोलरला ते ०.२ प्रति सेकंद येतं, म्हणजे अर्धं झिंक सुटायला साडेतीन सेकंद लागतील, हे ठीक आहे. पण गाईड म्हणतात तसा १ पिकोमोलरचा प्रोब बनवलात तर तोच आकडा सुमारे १९ तासांवर जातो. एकदा धरलं की सोडणारच नाही, आणि स्लाइस तर चार-सहा तासांत मरते. चिकटण्याचा वेग प्रत्येक लिगंडचा वेगळा असतो हे खरं, पण वीस हजार पटींच्या फरकाला त्याने फार काही होत नाही.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. एस्टरवाला प्रोब तुम्ही बाहेर ५ मायक्रोमोलर देता, पण पेशीतले एस्टरेज एन्झाइम एस्टर कापत राहतात आणि चार्ज झालेला डाय आतच अडकत जातो, अर्ध्या-पाऊण तासात आतलं प्रमाण बाहेरच्या कितीतरी पट होतं. मोकळं झिंक नॅनोमोलरच्याही खाली आणि त्याला धरणारा तुमचा रेणू दहा-पन्नास मायक्रोमोलर. अशा वेळी घट्ट प्रोब नुसता बघत बसत नाही, तो प्रोटीनच्या हातातलं झिंक ओढून घेतो, आणि मग तुम्ही जे मोजता ते पेशीतलं मोकळं झिंक नसतं, तुम्हीच उपसून काढलेलं असतं. प्रोब जितका घट्ट तितका उपसा जास्त.

उलट दिशेने गेलेलं चांगलं उदाहरण आहे. लिपर्ड यांच्या गटाने सुरुवातीला झिनपिर-१ हा झिंकचा प्रोब केला होता, २००० साली, रॉजर त्सिएन यांच्याबरोबर, केडी ०.७ नॅनोमोलर. त्यांनीच पुढे २००५ मध्ये क्विनोलीन लावून क्यूझेड-१ आणि क्यूझेड-२ असे मुद्दाम सैल प्रोब केले, केडी तीस-चाळीस मायक्रोमोलर, आणि तरी झिंक मिळाल्यावर उजेड ४० पटींच्या वर वाढतो. सैल असल्यामुळे ते पटकन भरतात आणि पटकन रिकामे होतात. ज्या माणसाने घट्ट प्रोब बनवून नाव मिळवलं तोच पाच वर्षांनी हजारो पट सैल प्रोब बनवतो यातच बरंच काही आलं. गाईडना पटवायचं असेल तर वाद घालू नका, एका कागदावर तुमच्या प्रोबचा सॅच्युरेशन कर्व्ह (किती झिंकला किती टक्के प्रोब भरतो तो आलेख) काढा आणि त्यावर सायटोसोल, व्हेसिकल आणि बाहेरचं अशा तीन उभ्या रेषा मारा. मी माझ्या वेळी हेच केलं होतं आणि दहा मिनिटांत मीटिंग संपली.

आता ती अख्खी हिरवी स्लाइस. याची कारणं एकापेक्षा जास्त असू शकतात आणि तुमच्याकडे नेमकं कुठलं हे मला इथून सांगता येणार नाही, डायच्या रचनेवर आणि मायक्रोस्कोपवर बरंच अवलंबून आहे. तरी मी ज्या क्रमाने तपासते तो सांगते.

आधी प्रोब न टाकता स्लाइस बघा, त्याच लेझर पॉवरला, त्याच गेनला. हिरव्या चॅनेलमध्ये फ्लॅव्हिन आणि लिपोफ्युसिनचा स्वतःचा उजेड असतो, उंदीर वयस्क असेल तर जास्तच. हे बऱ्याच जणांनी केलेलं नसतं.

मग क्युव्हेटमध्ये परत या, पण या वेळी बफर साधा नको. ईडीटीए घालून झिंक पूर्ण काढून टाका आणि त्यात बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन) मिसळा, किंवा उरलेल्या मेंदूच्या तुकड्यांचं होमोजिनेट, म्हणजे वाटून केलेलं मिश्रण. मला हा प्रसंग अजून आठवतो, सहा महिने खपून केलेला प्रोब होता, बफरमध्ये एकदम काळा, अल्ब्युमिनचे थेंब पडत गेले तसतसा क्युव्हेट माझ्या डोळ्यांसमोर हिरवा होत गेला, झिंकचा एक आयन आत नसताना, आणि शेवटी उजेड झिंक दिल्यावर येतो त्याच्या निम्म्यावर जाऊन थांबला. झालं काय होतं, की तुमच्या-माझ्या या प्रोबमध्ये डाय विझलेला राहतो तो अमाइनवरचा इलेक्ट्रॉन डायकडे उडी मारतो म्हणून, आणि ती उडी आजूबाजूला पाणी असताना सोपी असते. रेणू प्रोटीनच्या तेलकट खाचेत किंवा मेम्ब्रेनमध्ये जाऊन बसला की उडी अवघड होते आणि डाय आपोआप पेटतो. मेंदू म्हणजे बहुतांश मेम्ब्रेनच. त्यामुळे डाय जितका तेलकट तितकी स्लाइस हिरवी. यावर उपाय केडीत नाही, सल्फोनेट किंवा जास्तीचा कार्बोक्झिलेट लावून रेणू पाण्यात रमेल असा करण्यात आहे.

तिसरं पीएच. डीपीए ज्या अमाइनमधून डायला जोडलंय त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन बसलेला असतो) काढलाय का? प्रोटॉन बसला तरी इलेक्ट्रॉनची तीच उडी थांबते, म्हणजे प्रोटॉन आणि झिंक डायच्या दृष्टीने सारखेच. झिनपिर-१ ची हीच अडचण होती, पीकेए ८.४, त्यामुळे ७.२ पीएचला झिंक नसतानाही बऱ्यापैकी उजेड. व्हेसिकलच्या आत पीएच ५.५ च्या आसपास असतो, तिथे अमाइन प्रोटॉनने भरलेला, झिंक धरायची ताकद कमी झालेली, आणि वर फ्लुरोसीन स्वतः ६.४ च्या खाली मंद होत जातो. एकाच जागी तीन गोष्टी तीन दिशांना ओढतायत, मग व्हेसिकल उजळ दिसली म्हणून झिंक आहे असं कशाच्या जोरावर म्हणणार? पीएच ५ ते ८ चा ग्राफ झिंकसह आणि झिंकशिवाय, दोन्ही हवेत. रॉजर त्सिएन यांनी १९८० मध्ये बाप्टा हा कॅल्शियम धरणारा रेणू केला तेव्हा कॅल्शियमसाठी नेमकं हेच सोडवलं, आधीच्या ईजीटीए या रेणूचे नायट्रोजन बेंझीन रिंगला जोडून त्यांचा पीकेए इतका खाली आणला की पेशीच्या पीएचला प्रोटॉनची लुडबूड संपली. नवं काही आखायला बसलात की मी म्हणेन ती एक कल्पना डोक्यात पक्की ठेवा, अमाइन अॅनिलीनच्या जातीचा (असाच रिंगला जोडलेला) करता आला तर निम्मं दुखणं जातं.

चौथं, स्लाइसची वरची कातडी. व्हायब्रॅटोमने कापताना वरच्या साधारण ५० मायक्रॉनमधल्या पेशी जखमी होतात, मरणाऱ्या पेशीत झिंक मोकळं सुटतं आणि तिचं मेम्ब्रेन फाटल्यामुळे डायही भसाभस आत जातो. म्हणजे सगळ्यात उजळ दिसतं ते मेलेलं. साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर वरचं-आतलं सगळं एकत्र दिसत असल्याने हे कळतच नाही.

आणि झिंकवाल्यांना कोणी आधी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे झिंक सगळीकडे असतं. आमच्याकडे एकदा बेसलाइन रोज वेगळी येत होती, कधी कमी, कधी दुप्पट, आम्ही डाय शुद्ध नाही म्हणून तीनदा कॉलम केला. शेवटी सापडलं ते बाटलीचं रबरी बूच, रबर पक्कं करायला झिंक ऑक्साइड वापरतात ना, ते हळूहळू बफरमध्ये उतरत होतं. काचेतून उतरतं, साध्या क्षारांमधून येतं, सगळं मिळून शंभरेक नॅनोमोलर सहज होतं, म्हणजे तुमच्या केडीच्या पाचपट. तुमचा एसीएसएफ (स्लाइस ज्यात जिवंत ठेवता तो क्षारांचा द्रव) प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा, चेलेक्स या धातू धरणाऱ्या रेझिनमधून काढा (मग कॅल्शियम-मॅग्नेशियम परत घाला, चेलेक्स तेही काढून घेतं), आणि स्लाइस ठेवायच्या आधी त्याच द्रवात प्रोब टाकून उजेड बघा. स्लाइसशिवायच पेटला तर पुढचं सगळं थांबवा.

इथपर्यंतचं गोळा करते: मोकळ्या झिंकचे तीन साठे, तुमचा केडी तिन्हींसाठी चुकीचा, घट्ट केल्याने उपसा वाढणार आणि परतीचा वेग मरणार, आणि हिरव्या स्लाइसचा संबंध बहुधा बांधणीशी नाही, डाय तेलकट असण्याशी, पीएचशी, मेलेल्या पेशींशी आणि बफरमधल्या फुकटच्या झिंकशी आहे.

कंट्रोलबद्दल माझं मत जरा ठाम आहे. हेलामध्ये झिंक-पायरिथिऑन देऊन पेटवणं हा पुरावा फारच कमी किमतीचा, कारण पायरिथिऑन झिंकला हाताला धरून आत नेतं, तुम्ही झिंक ओतलं आणि तुम्हाला झिंक दिसलं. त्यापेक्षा काढून बघा. टीपीईएन पेशीच्या आत जाऊन झिंक काढतं, कॅल्शियम-ईडीटीए बाहेरच राहून काढतं (आधीच कॅल्शियम भरलेलं असल्याने स्लाइसमधल्या कॅल्शियमला धक्का लागत नाही), दोघांची जोडी लावली की उजेड आतला की बाहेरचा हेही कळतं. टीपीईएन जपून, ते लोखंड-तांबंही धरतं आणि जास्त वेळ ठेवलं तर पेशी मरतात, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत जे दिसेल तेवढ्यावरच विश्वास ठेवायचा. व्हेसिकलमध्ये झिंक भरणारा ट्रान्सपोर्टर म्हणजे झेडएनटी-३, तो नसलेले उंदीर पाल्मिटर यांच्या गटाने १९९९ मध्येच दाखवलेत आणि त्यांच्या मॉसी फायबरमध्ये व्हेसिकलचं झिंक नसतं. ते मिळाले तर सोन्याहून पिवळं, पण ते तुमच्या संस्थेला मिळतील का, परवानग्यांना किती वेळ लागेल, हे तुम्हालाच बघावं लागेल.

उंदीर नाही मिळाले तरी एक गोष्ट तुम्ही स्वतःच्या हुडमध्ये करू शकता आणि माझ्या मते नव्या घट्ट प्रोबपेक्षा तिला शंभरपट किंमत आहे. तुमच्याच प्रोबचं जुळं भावंड बनवा, डीपीएमधल्या झिंक धरणाऱ्या पिरिडीन रिंगच्या जागी साधी फिनाइल रिंग, बाकी रेणू तोच. दिसायला, तेलकटपणात, पेशीत शिरण्यात जवळपास सारखा, पण झिंकला धरून ठेवायला हातच नाहीत. दोन्ही एकाच दिवशी एकाच उंदराच्या दोन स्लाइसवर टाका. जुळ्यानेही तेवढीच हिरवी केली तर उत्तर मिळालं. सिंथेसिस दोन आठवड्यांचं आहे, सुरुवातीचं मटेरियल तुमच्याकडे आहेच.

सिलेक्टिव्हिटीचा (कुठल्या आयनला प्रोब किती उजळतो त्याचा) बार चार्टही परत काढा. सगळे आयन सारख्या प्रमाणात टाकलेला चार्ट दिसायला सुंदर पण ऊतकात त्याला अर्थ नाही. मॅग्नेशियम-कॅल्शियम मिलिमोलरमध्ये टाकून बघा कारण ते तेवढे असतातच, आणि तांबं डाय विझवतं का ते बघा, कॅडमियममध्ये पेटला तर पेटू दे, निरोगी मेंदूत ते कुठून येणार. पेरॉक्साइडवाल्यांकडे ही चूक फार होते, बोरोनेट प्रोब हायड्रोजन पेरॉक्साइडशी अगदी संथ जुळतो आणि पेरॉक्सिनायट्राइटशी त्याच्या साधारण दहा लाख पट वेगाने, तरी पाच मिनिटांच्या बार चार्टवर सगळं आलबेल दिसतं.

समजा हे सगळं पार पडलं आणि खरंच नवा रेणू करायचा ठरला, तर मी काय करेन? मॉसी फायबरमधून सुटणारं झिंक बघायचं असेल तर एस्टर काढून टाकेन, दोन सल्फोनेट लावून बाहेरच राहणारा करेन, आणि एक पिरिडीन काढून केडी मायक्रोमोलरच्या आसपास नेईन, किंवा खरं तर ०.१, १ आणि १० मायक्रोमोलर असे तीन करेन, कारण झिंक किती सुटतं यावर एकमत नसताना एकाच केडीवर पैज लावण्यात अर्थ नाही, तिघांपैकी कोण हलतं त्यावरूनच आकड्याचा अंदाज येतो. सायटोसोल बघायचा असेल तर वाट पूर्ण वेगळी, केडी एक नॅनोमोलरच्या आत हवा आणि प्रोबचं प्रमाण अगदी कमी ठेवायला हवं. तिथे जेनेटिक सेन्सर (पेशीकडूनच बनवून घेतलेले प्रोटीनचे प्रोब) आपल्या रेणूंपेक्षा बरे पडतात असं माझं प्रामाणिक मत आहे, केमिस्ट असून सांगते.

आणि रेफरन्स. एका रंगाचा उजेड वाढला म्हणजे झिंक वाढलं, की तिथे डाय जास्त साठला, की स्लाइस जरा हलली, हे त्या एका आकड्यातून कधीच कळत नाही. कॅल्शियमवाल्यांना हे १९८५ मध्येच उमगलं, फ्युरा-२ या कॅल्शियमच्या डायला ३४० आणि ३८० नॅनोमीटरने आळीपाळीने पेटवायचं आणि दोन्हींचा भागाकार घ्यायचा, डाय किती आहे हा मुद्दाच गळून पडतो. तुमच्या डायला ते जमत नसेल तर झिंकशी काही देणंघेणं नसलेला लाल डाय लांब लिंकरने त्याच रेणूला जोडा, वेगळा मिसळू नका, वेगळा मिसळला तर दोघं स्लाइसमध्ये दोन वाटांनी जातात. तुमच्याकडे लाइफटाइम (पेटलेला डाय विझायला किती वेळ घेतो) मोजणारी सिस्टिम असेल तर जोडायचीही गरज कदाचित पडणार नाही, लाइफटाइम डायच्या प्रमाणावर अवलंबून नसतो, फक्त झिंक असताना-नसताना तो पुरेसा बदलतो का ते आधी मोजून घ्या.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय की पुढे हे जिवंत उंदरात नेता येईल का. टू-फोटॉन मायक्रोस्कोपने मेंदूत काही शे मायक्रॉन, फार तर मिलिमीटरभर खोल जाता येतं, त्याखाली प्रकाश विखरून जातो. त्याहून खोल जायचं तर एमआरआय, पण तिथे प्रोबच दहा-वीस मायक्रोमोलर लागतो, त्यामुळे झिंकही तेवढ्याच तोलाचं असलेली जागाच निवडावी लागते. शेरी यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरात स्वादुपिंड म्हणून तर निवडलं, इन्सुलिन तिथे झिंकबरोबरच साठवलेलं असतं, ग्लुकोज दिल्यावर दोन्ही एकत्र बाहेर पडतात. त्यांचा गॅडोलिनियमचा प्रोब झिंक मिळालं की रक्तातल्या अल्ब्युमिनला जाऊन चिकटतो, रेणूचं गरगरणं मंदावतं आणि सिग्नल वाढतो. ज्या अल्ब्युमिनने माझा क्युव्हेट बिघडवला तेच तिथे कामाला लावलंय, मला ते डिझाइन फार आवडतं. पण ही तुमच्यासाठी पुढची गोष्ट आहे.

सध्या या आठवड्यात एवढं करा: नुसती स्लाइस, नुसता एसीएसएफ अधिक प्रोब, क्युव्हेटमध्ये ईडीटीए अधिक बीएसए, आणि पीएचचे दोन ग्राफ. चार दिवसांचं काम आहे, नवं काही विकत घ्यायला लागणार नाही. आकडे इथेच टाका, मग जुळ्या भावंडाचा रूट एकत्र बसून ठरवू, मी फिनाइलवाला केलेला आहे, रिडक्टिव्ह अमिनेशनची कंडिशन सांगेन. आणि स्लाइसचा फोटो टाकाल तर वरच्या थराचा नको, ७०-८० मायक्रॉन आतला टाका, सोबत टीपीईएन दिल्यानंतरचा, त्याच गेनवर काढलेला.